दहिफळे सरांचं विषयांचं टेबल

अकरावी कला शाखेचे विषय ठरवताना आमचे भूगोलाचे दहिफळे सर मार्क विचारत नसत. "घरात भांडण कशावरून होतं?" एवढंच विचारत. बांधावरून म्हटलं की भूगोल, ग्रामपंचायतीवरून म्हटलं की राज्यशास्त्र, लग्नात कोणाचा मान राहिला यावरून म्हटलं की समाजशास्त्र. प्रवेश ऑनलाइन झाले तरी विषयांचा अर्ज त्यांच्याच टेबलावर भरावा लागे. कोणी सोपा विषय मागितला की म्हणत, "सोपी फकस्त सासुरवाडी, तीबी चारच दिवस." तिसगावच्या बाजारापर्यंत त्यांचं हे वाक्य पोचलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. "मला शिकवायचं का ऊसतोडीला न्यायचं, यावरून." रांगेतली मुलं हसली. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि बाकीच्यांना उद्या यायला सांगितलं. "तू हो घरी पुढं, मी आलोच."

आईची कंबर धरली होती. यंदा तिच्या जागी मी उसात उतरायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. सर घरी आले तेव्हा मला वाटलं, आता भाषण ठोकणार. पण त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "तात्या, कोल्हापूरला कोनत्या वाटंनं जाता?" वडील एकदम खुलले. भीमा, नीरा, कृष्णा, नद्या बोटांवर मोजल्या. कुठल्या रानात पाय रुततो, कुठलं पाणी मचूळ, सगळं सांगत सुटले. त्यांचं इतकं ऐकून घेणारा शिकलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ह्येच आमी फळ्यावर शिकवतो, तात्या. तुमची पोरगी तर निम्मं शिकूनच आली," म्हणत सरांनी अर्जावर भूगोल लिहिला आणि तो सहीला पुढे केला. वडिलांनी आईकडे पाहिलं. "मी येते की. बसून मोळ्या बांधीन," आई म्हणाली. तेव्हा कुठे सही झाली.

दिवाळीनंतर आई-वडील तोडीला गेले आणि मी चुलतीजवळ राहिले. एक दिवस कॉलेज बुडालं तरी सरांचा वस्तीवर निरोप येई, "आजारी हाय का आळशी, तेवढं कळवा." मला राग यायचा, आणि फार बरंही वाटायचं.

माघात सर गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. मी इतकी रडले की चुलती घाबरली. तिसऱ्या दिवशी पाहते तर वडील दारात. मला न्यायलाच आले असणार. ज्यांच्या शब्दावर मला ठेवलं, तेच उरले नव्हते. वडील सरांच्या घरी भेटायला गेले तेवढ्यात मी मुकाट्याने कपड्यांची पिशवी भरली.

परत आल्यावर त्यांनी पाय धुतले. डोळे लाल झाले होते. पिशवीकडे बघून म्हणाले, "ही कशाला भरली?"

"जायचं ना?"

"तू कुठं? मी जातो सांजच्या गाडीनं. आदी कालेजात चल. भूगोल आता कोन शिकवनार, त्यास्नी भेटतो. म्हनावं, माझा नंबर लिहून घ्या. पोरगी एक दिस जरी आली न्हाई, तर मला फोन करा."