तीन रंगांचा बोका आणि सरांची मिशी

उजव्या हाताची मूठ घट्ट आवळायची, समोरच्याच्या नाकाजवळ न्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग एकेक बोट उघडत म्हणायचं, "गठाण सोड बे!" आमच्या खामगावच्या ज्युनिअर कॉलेजात सरांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला कोणीही तुम्हाला भेटला, तर बाकी काही बोलू नका. नुसती मूठ आवळून दाखवा. तो हसायला लागेल.

गठाण म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची दाबून बांधलेली गासडी. सरांचे वडील जिनिंगच्या कारखान्यात गासड्या दाबायच्या प्रेसवर होते आणि सरांचं बालपण गठाणींवर उड्या मारण्यात गेलं होतं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना गठाणीवाचून सांगता येत नसे. वर्गात पेंगणारा पोरगा दिसला की "गठाण सोड". सभेत प्राचार्यांनी उत्तर टाळलं की माझ्या कानात, "आवळली पाहा गठाण." एका लग्नात नवरी उखाणा घेताना अडली, तर सर मांडवाच्या टोकावरून ओरडले, "बाई, गठाण सोड!" नवरीच्या मामानं वळून पाहिलं. मी यांच्याबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करून जिलबी खात राहिलो.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये एक भिंत होती, पण ती नावापुरती. माझ्या तासाला पोरं अलंकार सोडून पलीकडचं ऐकत, आणि खरं सांगतो, मीही ऐकत असे.

"तुह्या डोयाच्या पेशीत जे जनुकं, तेच तुह्या काळजाच्या पेशीत. मंग डोया काऊन पाह्यते अन् काळीज काऊन धडधडते? सांग!"

पलीकडून वह्यांची पानं उलटल्याचा आवाज येई.

"गोदाम एकच हाय बे! आईच्या पोटात बाळ वाढते तवा कोनी नवं सामान आनून देत नाही. डोया व्हायचा तं डोयाच्या गठाणी फोडल्या जातात, काळीज व्हायचं तं काळजाच्या. बाकीच्याइले चिठ्ठी लावली, हात लावू नका. अन् त्या पेशीतून पुढं ज्या पेशी निघतात, त्या चिठ्ठ्यासकट निघतात. गठाण घट्ट, तं जनुक गप्प!"

त्यानंतर दोऱ्याचा प्रयोग व्हायचा. एक मुलगी दोऱ्याचं टोक धरून पाण्याच्या टाकीपर्यंत जाई. मग तोच दोरा बोरांवर गुंडाळत गुंडाळत परत आणायचा. दोरा म्हणजे डीएनए, बोरं म्हणजे हिस्टोन, तो धागा ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं. जिथे दोरा सैल तिथलं वाचता येतं, जिथे घट्ट तिथलं नाही. "तुह्या एका पेशीतला धागा उलगडला तं तुह्याहून लांब भरते," असं सर म्हणेपर्यंत मागच्या बाकावर हिस्टोन खाऊन संपलेले असत. सर फक्त बिया मोजून घेत आणि म्हणत, "चोरायनो, क्रोमोसोम खाल्ला तुम्ही!"

आमचं दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, मांजरावरून. सरांचा ठाम सिद्धांत असा, की काळा, केशरी आणि पांढरा असे तीन रंग अंगावर असतील तर ती मांजरीणच. शेपूट उचलायची गरज नाही. काळा की केशरी हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीला एक्स दोन, पण कामाला एकच लागतो. म्हणून ती आईच्या पोटात इवल्याशा गोळ्याएवढी असतानाच तिची प्रत्येक पेशी दोनातल्या एका एक्सची गठाण करून कोपऱ्यात टाकते. कुठे काळ्याची, कुठे केशरीची. ज्या पेशीनं जे ठरवलं ते तिच्या सगळ्या वंशानं पाळायचं. म्हणून अंगावर ठिगळं. बोक्याला एक्स एकच, त्याला कुठली आलीय निवड?

मी म्हणायचो, "सर, तुम्ही काहीही म्हणा, मराठीत मांजर नपुंसकलिंगी आहे. ते मांजर."

"तुमचं व्याकरण आंधळं हाय!"

हे आमचं रोजचं. चहा संपेपर्यंत चालायचं.

त्या वर्षी बारावीत दीपाली नावाची मुलगी होती. दोऱ्याचं टोक धरायचा मान तिचा. सरांच्या आधी उत्तर तयार, आणि उत्तराच्या मागे प्रश्न तयार. तिला बी.एस्सी. करायचं होतं, जनुकांचं शिकायचं होतं. निकाल लागला, मुलगी वर्गात पहिली आली आणि तिच्या वडिलांनी, भास्करभाऊंनी, सांगितलं, आता शिक्षण बस.

शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता, हे लक्षात घ्या. विरोध होता तो 'जनुक' या शब्दाला. भास्करभाऊंची कपाशी लागोपाठ दोन वर्षं गुलाबी बोंडअळीनं आतून पोखरली होती. बाहेरून बोंड धडधाकट, फोडलं तर आत किडलेलं. बियाण्याच्या पाकिटावर मात्र बोंडअळीला मारणारं जनुक आत आहे असं ठळक छापलेलं. दोन उभ्या पिकांत त्यांनी नांगर घातला. तेव्हापासून घरात कोणी जनुक म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडे.

सर मला म्हणाले, "चाला, मास्तर. गठाण सोडून येऊ." त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं म्हणजे जिवावरचा खेळ, कारण चढावर ते हँडल सोडून मूठ उघडून दाखवत. पण मी बसलो.

भास्करभाऊ ओसरीवर बसले होते. सरांची मिशी झुबकेदार आणि काळीभोर, तर यांची कानापर्यंत गेलेली. दोन मिश्या समोरासमोर आल्या आणि मी, सफाचट, मध्ये बसलो.

"सर, तुमचा मान हाय," भाऊ म्हणाले. "पन ज्या शास्त्रानं माह्यी कपाशी खाल्ली, ते माह्यी पोरगी शिकन काय?"

"जनुक खोटं नाही बोललं, भाऊ. अळी त्याले पचवाले शिकली. अन् जनुक आत हाय म्हन्जे ते सदा जागंच राह्यते असंही नाही. झाड जुनं झालं की त्याचं काम ढिलं पडते. हे तुमाले आधी सांगाले पाह्यजे होतं."

"कोनी सांगितलं नाही नं! तुमच्या शास्त्राची एक तं गोष्ट दाखवा जे पक्की निघते."

तेवढ्यात सरांची नजर घरात गेली. आतल्या खोलीत उरलासुरला कापूस भरून ठेवला होता आणि त्या ढिगात एक मांजर पोटापर्यंत रुतून झोपलं होतं. डोकं नि पाठ तेवढी वर. काळा, केशरी, पांढरा.

सरांनी मूठ आवळली.

"ते मांजर पाहा. मी जागचा हालत नाही, शेपूट उचलत नाही. ते मादीच हाय. मादी निघाली तं दीपाली बी.एस्सी.ले."

"अन् नर निघाला तं?"

"तं पोरगी घरी, अन् माह्यी मिशी इथंच, तुमच्या ओसरीवर."

"अन् शर्त कोनी मोडली तं?" भाऊंनी विचारलं.

"मोडनाऱ्याचीही मिशी जाते!"

दोघांनी हातावर हात मारला. दारात उभ्या दीपालीचा चेहरा मला दिसत होता. तिचं सगळं आयुष्य एका झोपलेल्या मांजराच्या शेपटीखाली जाऊन बसलं होतं. मी सरांचा सदरा मागून ओढला, पण सर सभेत आणि शर्यतीत सदरा ओढून थांबणारे नव्हते.

"आमच्या भुरीले काय पाह्यता?" दीपालीची आई म्हणाली. "आपल्या पायानं आली ते गेल्या वर्सी. मादीच असन." आणि तिनं कापसातून मांजर उपसलं, उलटं धरलं, शेपूट बाजूला केली. मग उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं.

"अवं माय! हा तं बोका हाय!"

सर उठले. चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं. चष्मा खाली घेऊन पुन्हा पाहिलं. मी मनात तिथून निसटायची वाट शोधत होतो, तोच सरांनी अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली.

"निघाला रे! तीन हजारात एखांदा निघते! पुस्तकात वाचला होता, आज डोयानं पाह्यला! मास्तर, पाहा, तीन रंगाचा बोका!"

आणि सर नाचायला लागले. साठीला टेकलेला माणूस, बगलेत बोका, अंगणात गोल गोल. दीपालीची आई पदर तोंडाला लावून हसत होती, बोका ओरडत होता, आणि दीपाली एकाच वेळी रडत आणि वाकून शेपूट पाहत होती.

नाचून दम लागल्यावर सर ओसरीवर बसले आणि म्हणाले, "हरलो, भाऊ. साफ हरलो. न्हाव्याले बलवा."

मी म्हणालो, "सर, असा बोका असतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पन तो याच गावात, याच कापसात झोपला असन हे कोनाले माहीत? मी 'मादीच' म्हटलं. 'बहुतेक' म्हनाले पाह्यजे होतं. चूक माह्यी."

न्हावी आला. साबणाचा फेस ओठावर असतानाही सर थांबले नाहीत. या बोक्याला चुकून एक एक्स जास्तीचा मिळाला, म्हणून त्यालाही एकाची गठाण करावी लागली, म्हणून ठिगळं, असं ते मूठ उघडमीट करत सांगत होते. न्हावी वस्तरा हवेत धरून ऐकत होता. "अन् असा बोका बहुतेक बाप होत नाही," सर म्हणाले, "म्हन्जे मास्तर, तुमचं नपुंसकलिंग जिंकलं! आज मी व्याकरनालेही हरलो!" आपण हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मला एकदम त्यांचा फार अभिमान वाटला आणि तो लपवायला मी बोक्याला कुरवाळलं. बोक्यानं ओरबाडलं.

भास्करभाऊ सगळं पाहत होते. मिशी खाली पडल्यावर ते हळूच बोलले.

"बियानं घेऊन मी दुकानदाराकडं गेल्तो. तो म्हने तुमच्या जमिनीची चूक. कंपनीचा मानूस आल्ता, तो म्हने पान्याची चूक. दोन वर्सं झाले, 'चूक माह्यी' म्हननारा एक मानूस भेटला नाही मले. तुमी तं हरले अन् नाचले." मग ते दाराकडे वळले. "दीपे, काऊन रडून राह्यली? कागदपत्रं काढ. उद्या सरच्या संगं जा."

"शर्त मी हरलो नं, भाऊ," सर म्हणाले.

"हाव. अन् मी मोडून राह्यलो."

"मंग तुमचीही मिशी..."

"पाहू नं नंतर!" असं म्हणून भाऊंनी मिशी हातानं झाकली. येताना स्कूटरवर आम्ही तिघं होतो. तिसरा, भाऊंनी सरांना देऊन टाकलेला बोका, माझ्या पिशवीत, डोकं बाहेर काढून. सरांनी त्याचं नाव अपवाद ठेवलं.

पुढची मजा तुम्हाला कोणीही सांगेल. सोमवारी बिनमिशीच्या सरांना कॉलेजच्या शिपायानं फाटकावर अडवलं. मिशी परत आली ती पांढरीशुभ्र, तेव्हा कुठे कळलं की इतकी वर्षं काळा रंग लावत होते. भास्करभाऊंना बाजारात गाठून सर दरवेळी आपल्या ओठावर बोट फिरवत आणि भाऊ दरवेळी "पाहू नं नंतर" म्हणत. दीपाली बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली. आता ती आमच्याच कॉलेजात शिकवते, आणि तिच्या तासाला पोरं बोरं खातात.

ती लागली त्याच वर्षी सर गेले. सकाळी अपवादला दूध घालताना बसले ते उठले नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दहा दिवस रडल्या नाहीत. मूठ आवळून खुर्चीत बसून राहिल्या. ती मूठ मला पाहवत नसे.

दहाव्याला क्रिया आटोपून आम्ही सरांच्या ओसरीवर बसलो होतो. फाटकातून एक माणूस आत आला. मी ओळखलं नाही. वहिनींनीही ओळखलं नाही. वरचा ओठ असा गोरा, जसा कधी उन्हात गेलाच नव्हता. त्यानं तो हातानं झाकला, तेव्हा मी ओळखलं.

"वहिनी," भास्करभाऊ म्हणाले, "शर्त मी मोडली होती. लय उशीर केला."

वहिनींनी त्यांच्या उघड्या ओठाकडे पाहिलं. मग खळखळून हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. अपवाद येऊन भाऊंच्या मांडीवर बसला. वहिनींची मूठ केव्हा सुटली ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. एवढंच ऐकू आलं, त्या म्हणत होत्या, "भाऊ, आज हे असते तं नाचले असते."