नळीच्या जेवणाची चव

मी निघाले त्या दिवशी आमच्या अंगणात चाळीसेक माणसं जेवून उठली होती. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचं जेवण, आईने पहाटेपासून तीन चुलींवर एकटीने रांधलेलं. जेवण बरं झालं असं कुणी म्हटलं नाही. उठले, हात धुतले, पानसुपारी घेऊन गेले. मी नवी साडी सावरत एसटीच्या वाटेला लागले तशी आई खरकटे हात पदराला पुसत मागून आली नि म्हणाली, "बाय, थंय कोण बरां म्हणात म्हणान वाट बघू नको." मला वाटलं, सासूबद्दल सांगतेय. एकोणीस वर्षांची होते, कुडाळच्या पुढे कधी गेले नव्हते.

हे मी तुम्हा गावच्या मंडळींसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली जन्म काढलेल्या बायकांसाठीही. शिक्षण चौथी. पुढचं सगळं इस्पितळातल्या याद्या वाचून शिकले, तेव्हा चूकभूल समजून घ्या.

घोडपदेवच्या खोलीत आम्ही सात जण होतो. पुढे आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली आणि मी परळच्या एका इस्पितळाच्या किचनमध्ये लागले. एकतीस वर्षं झाली. मध्ये किचन कॉन्ट्रॅक्टवर गेलं, साहेब बदलले, मी तिथेच. माझ्याकडे काम नळीच्या जेवणाचं. ज्यांना गिळता येत नाही, कुणाचं घशाचं ऑपरेशन, कुणाला अर्धांगवायू, त्यांच्या नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घालतात आणि तिच्यातून पातळ जेवण सोडतात. डाळ, भात, भाजी शिजवायची, मिक्सरला गंधासारखी वाटायची, गाळायची, बाटलीत भरून वर खाटेचा नंबर लावायचा. जिभेला स्पर्शच नाही. आता मला सांगा, अशा जेवणाला कोण काय म्हणणार? गावात एखादीची सोलकढी बिघडली तर वर्षभर नाव निघतं. बाकीच्या पेशंटांची ताटं परत येतात, तक्रारी तरी येतात. माझ्या बाटल्या नुसत्या रिकाम्या येतात.

बरोबरच्या बायका हसायच्या. "मावशी, मीठ काय चाखताय? पेशंटला कळणारे का? उकडा नि फिरवा!" मी म्हणायचे, "अगं, कुणीतरी नको का चाखायला?" पण खरं सांगते, मधली पाच-सहा वर्षं मीही उकडत नि फिरवतच होते. मन उडालं होतं. सुपरवायझर येई, बाटल्या बघे, जाई. दिवस भरायचा आणि घरी यायचं.

मग आमच्याच मुलखातली एक म्हातारी भेटली. तिचा नवरा दोन महिने नळीवर. ती एक दिवस रिकामी बाटली घेऊन सरळ किचनच्या दारात.

"जेवण तू करतस?"

"होय."

"मगे तेंका वास तरी येऊंदेत गो. जीभ गेली, नाक असा मां?"

मी तिच्या हातातली बाटली घेतली. एवढी वर्षं हे माझ्या डोक्यात का नाही आलं? दुसऱ्या दिवसापासून मी डाळीला तूप, जिरं, लसणीची फोडणी द्यायला लागले. मग वाटून, मलमलच्या फडक्यातून गाळून बाटलीत. म्हातारी सांगायची, बाटली उघडली की तो डोळे मिटून श्वास ओढतो. काय सांगू तुम्हाला, माझ्या पायांत बळ आलं. सकाळी चालत येताना लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी रेंगाळायचे, आज ओवा घालू की कढीपत्ता, म्हणून.

आठव्या दिवशी घाई झाली. फडकं धुवायला गेलेलं. मी चहाच्या गाळणीने गाळलं. जिऱ्याचं फोलपट त्याच म्हाताऱ्याच्या नळीत अडकलं. नळी काढावी लागली, दुसरी घालावी लागली. नाकातून रक्त आलं. दोघी नर्सनी त्याचे हात धरून ठेवले होते म्हणे.

दुपारी साहेब खाली आले. "मावशी, पूर्ण नाव सांगा." एकतीस वर्षांत त्या किचनमध्ये माझं पूर्ण नाव पहिल्यांदा कुणी विचारलं, ते मेमोवर लिहायला. मी सही केली. चूक माझीच होती, त्यात वाद नाही. मला भांड्यांवर टाकलं.

माफी मागायला वर गेले. त्याने तोंड भिंतीकडे केलेलं. माझ्यामुळे, की तसाच झोपला होता, देव जाणे. म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मियाच सांगलंय, तू केलंस. आता दोघींनी गप रवया."

नऊ दिवसांनी म्हाताऱ्याचा नंबर यादीत नव्हता. माणूस गेल्याचं किचनला कुणी कळवत नाही. नंबर येत नाही, एवढंच. नळीमुळे नाही गेला, असं नर्स म्हणाली. मी तिला तीनदा विचारलं.

चार महिने भांडी घासली. गावाहून भावजयीचा फोन यायचा, "वन्सांनू, किती दिस दुसऱ्याची भांडी घासतलात? येवा आता." मी येणारच होते. पिशवीसुद्धा काढली होती. तेवढ्यात माझ्या जागी घेतलेल्या नव्या मुलीच्या बाटल्यांत गुठळ्या निघायला लागल्या. सुपरवायझर येऊन म्हणाला, "मावशी, उद्यापासून परत नळीच्या जेवणावर या. आणि फोडणी-बिडणी नको हां."

पहिल्या दिवशी उकडलं नि फिरवलं. चमचाभर जिभेवर ठेवलं तर नुसती खळ. जगात त्या जेवणाची चव घेणारी मी एकटी, आणि मलाच ते गिळवेना. मग डायटिशियन मॅडमकडे गेले. माझ्या नातीच्या वयाची मुलगी. म्हटलं, जिरं पुरचुंडीत बांधून डाळीत उकळलं आणि पुरचुंडी काढून टाकली तर? तिने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "कण नको. बाकी चालेल."

तेव्हापासून तसंच करते. फडक्याने दोनदा गाळते, चहाची गाळणी तिथून काढूनच टाकली. वास अगदी हलका येतो. वर कुणाला येतो का, माहीत नाही. दारात अजून कुणी आलेलं नाही.

आता साहेब म्हणतात, पुढे डब्यातली तयार पावडर येणार, पाण्यात कालवली की झालं. म्हणजे इथे माझ्यावाचून अडणार नाही. गावात तर कधीच अडलं नाही, भावजय माझ्यापेक्षा छान रांधते. तरी मी येत नाही. रागावू नका. या बाटल्यांतली कुणाची शेवटची असेल ते यादीवर लिहिलेलं नसतं. ती वाईट झालेली नसावी, एवढं बघायला एक जीभ लागते, आणि ती माझी आहे. घर म्हणाल तर माझं घर सध्या त्या शेगडीपाशी आहे, चार पावलांचं. तेही डबे येईपर्यंत.