सरांचे निवडुंग

अख्ख्या रायगडात पावसाशी उभं वैर धरलेला माणूस मी एकच पाहिला, आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर. म्हसळ्याला चार महिने भिंतींनाही शेवाळ धरतं, आणि अशा गावात सरांनी निवडुंग पाळले होते. लावले म्हणणं चूक होईल, पाळलेच होते. खोकल्याच्या औषधाच्या ड्रॉपरने ते त्यांना पाणी पाजत, तेही फक्त उन्हाळ्यात. मृग लागला की सगळ्या कुंड्या घरात येत. पलंगावर निवडुंग झोपत आणि सर खुर्चीत. एकदा कुंडीवर छत्री धरून ते स्वतः चिंब भिजत चाललेले पाहून मासळीवाली मावशी म्हणाली, "मास्तर, काट्यांना पडसं होतंय व्हय?" सरांनी थांबून गंभीरपणे सांगितलं की होतं, आणि त्यातून ते उठत नाहीत.

वर्गातही तेच. काटे म्हणजे पानंच, पाणी उडू नये म्हणून बारीक झालेली. खोड म्हणजे पाण्याची टाकी, वरून मेणाचा लेप. मुळं उथळ पण लांबवर पसरलेली, पडेल तो थेंब टिपायला. "ही झाडं दिवसा तोंड मिटतात आणि रात्री हवा घेतात," ते म्हणत, "तुम्ही मात्र दिवसभर वर्गात उघडं ठेवता."

या वेडाचं मूळ एका कुंडीत होतं. सरांच्या पत्नी माणदेशातल्या. लग्न होऊन येताना त्यांनी माहेरच्या निवडुंगाचा एक तुकडा आणला होता. त्या गेल्या, तो राहिला.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि अर्ज भरायला सर स्वतः बरोबर आले होते. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात ऑपरेशनसाठी मुलीकडे पनवेलला जाताना त्यांनी घराची चावी आमच्याकडे दिली, तेव्हा आईला तो मोठा मान वाटला. दारावर सरांनी चिठ्ठी लावली होती, पाणी अजिबात घालू नये. ती मी वाचली. आईला वाचता येत नाही, आणि मी तिला वाचून दाखवली नाही. 'लक्ष ठेव' एवढंच सांगून अलिबागला नोकरीवर गेलो.

आईने तीन आठवडे रोज प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी घातलं. मी परत आलो तेव्हा सगळे निवडुंग बुडापासून मऊ पडले होते. मी ओरडलो तर ती म्हणाली, "सरांची लेकरं हायत ती. तहानलेली कशी ठेवू?"

सर आले. सगळं बघून घेतलं. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. पत्नीच्या निवडुंगाच्या शेंड्याचा बोटभर हिरवा भाग ब्लेडने कापून सरांनी तो आमच्या घरी आणून चुलीवरच्या फळीवर ठेवला. कापलेली जागा सुकल्याशिवाय तो लावता येत नाही. आईने भीत भीत विचारलं, याला पाणी कधी? सर म्हणाले, "मी सांगेन, ताई. तेव्हा तुम्हीच घाला."

दिवाळीच्या आत सर गेले.

तुकडा मी कुंडीत लावला आहे. हिरवा आहे, पण मूळ धरलं की नाही कळत नाही. हल्ली दर शनिवारी मी घरी आलो की आई तांब्या घेऊन त्याच्यापाशी उभी राहते आणि विचारते, "आज सांगितलं असतं का रे त्यांनी?"

मी माती बोटाने चाचपत राहतो.