न जुळलेले आटे

भास्कर गेल्याचं त्याच्या शेजाऱ्याने मला कचेरीत येऊन सांगितलं. सकाळी चहा घेता घेता गेला म्हणे. मी हातातली पट्टी नकाशावर तशीच ठेवून उठलो. वीस वर्षं आम्ही दोघं त्याच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर खाणीचे नकाशे काढत होतो...

खाणीवरचा एक इंग्रज साहेब मायदेशी परतताना दोनच माणसं बसतील अशी आपली छोटी लाल मोटार भास्करला विकून गेला. तिचं प्रत्येक चाक मधोमध एकाच मोठ्या नटाने आसाच्या टोकावरच्या हबवर आवळलेलं असे. डाव्या पुढच्या चाकाच्या हबचे आटे झिजले, आणि परदेशी सुटे भाग मिळणं तेव्हा जवळजवळ अशक्य. मुंबईच्या भंगारातून त्याने त्याच जातीच्या गाडीचा हब आणवला. पण तो वेगळ्या सालचा होता, आटे बारीक. जुना नट दोन फेरे फिरला आणि घट्ट झाला. आटे मात्र बसले नव्हते. भास्करने हातोडा मारला आणि वहिनींना घेऊन निघाला. तेलंगखेडीच्या उतारावर ते चाक निखळून गाडीच्या पुढे धावत गेलं. गाडी डाव्या अंगावर कलंडली. तो खरचटण्यावर निभावला, कुमुदवहिनींचा डावा पाय मात्र कायमचा अधू झाला.

त्यानंतर सोळा वर्षं ती गाडी सदर भागातल्या त्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. संध्याकाळी तो शेडमध्ये स्टुलावर बसे, काही दुरुस्त करत नसे. गिऱ्हाइकं यायची, परत जायची. एकदा मी म्हटलं, "विकून मोकळा हो."

"विकली तं दुसरं कोणी बसन न गा तिच्यात."

"मग भंगारात दे."

"भंगारात देली तं काही झालंच नाही असं होईन," म्हणाला. पुढे मीही तो विषय काढला नाही.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो. त्या शेडकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, नट बसला नाही हे त्यायनं मले सांगतलं होतं. बहिणीची हळद होती, उशीर होऊन राहिला होता. मीच म्हणलं, हातोडा मारा अन् चला."

"हे त्याला कधी बोलून दाखवलंत का?"

"त्यायले आठवत नसन असं कसं होईन? पण त्यायनं सारा दोष आपल्यावर घेऊन टाकला. पहिले मले धीर नाही झाला. मंग वाटलं, इतके दिवस काहून गप होती म्हणतीन... अन् ते बी गपच राह्यले."

दोघं एका घरात, एकमेकांसाठी गप्प. बाहेर पडायची वाट दोघांपैकी एकाच्या एका वाक्याएवढीच दूर होती.

वहिनी चहा ठेवायला उठल्या. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीच्या कडेने एक लोखंडी नळी बसवलेली आहे. तिला धरून त्या चालतात. भास्करने ती स्वतः बसवली होती, आणि दर रविवारी तो पाना घेऊन तिचा एकेक नट तपासायचा, असं त्यांनी सांगितलं. तो दिवसही रविवारच होता. खिडकीत ठेवलेला पाना मी उचलला आणि नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो.

एकही नट सैल नव्हता.