येतो म्हणायचं नाही

साळवे सर माणसांना नावानं हाक मारत नसत, स्टेशनानं मारत. आमच्या ग्रुपमध्ये दोन टिटवाळे होते, एक खडवली, माझ्या आधी एक घोडबंदर (तिथे स्टेशन नाही, पण त्याला सरांचा इलाज नव्हता) आणि मी डोंबिवली. "ए डोंबिवली, सुईचं नाक बघून घेतलंस का?" असं ते कल्याणच्या भर बाजारात ओरडत आणि आजूबाजूचे चार खरे डोंबिवलीकर उगाचच वळून बघत.

सर महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले होते. महिन्यातून एकदा ते आम्हा दहा-बारा जणांना घेऊन निघत. शनिवारी सकाळी कल्याणचा बाजार, रविवारी कसारा लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनावर उतरून डोंगर, आणि डोंगरावरचा ठाकरांचा पाडा. ट्रेकच्या आधी बाजार कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. "पाहुण्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि स्वतःच्या मनानंही काही नेऊ नये," सर म्हणाले. पाड्यावरच्या कुणी मागच्या खेपेला काय सांगितलं, ते त्यांच्या वहीत नावानिशी लिहिलेलं असे. गोधडीची मोठ्या नाकाची सुई, विळ्याची मूठ, टॉर्चचे सेल, कोळणीकडची जाड सुकट. तेवढंच घ्यायचं. बदल्यात वरून वाल आणि नाचणी खाली यायची, त्यामुळे कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. पहिल्या खेपेला मी हौसेनं चॉकलेटांचा मोठा पुडा नेला होता. सरांनी तो मला प्लॅटफॉर्मवरच फोडायला लावला. "यादीत हे कुणीच सांगितलेलं नाही. म्हणजे हे तुलाच हवं होतं. खा," म्हणाले. आसनगाव येईपर्यंत मी खात होते.

त्यांचा दुसरा नियम मात्र मला अजिबात पटला नव्हता. पाड्यावरून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, 'जातो' म्हणायचं. आमच्या घरात 'जाते' म्हटलं तर आई अजूनही दारातून परत बोलावते, पाण्याचा घोट घ्यायला लावते आणि मग 'येते' म्हणवून सोडते. मी सरांना म्हटलं, "सर, जाते कसं म्हणू? अभद्र वाटतं." तेव्हा त्यांनी मला घोडबंदरची गोष्ट सांगितली.

पाड्यावर पहिल्याच घरात ठमीबाई राहायची. सत्तरीची, एकटी, डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की माणूस आवाजावरून ओळखायची. घोडबंदरचा तरुण आयटीवाला निघताना तिला म्हणाला, "आजी, येतो हां."

"कवा?" ठमीबाईनं विचारलं.

तो हसला. "लवकरच."

"लवकर म्हंजे कवा?"

"दिवाळीत, आजी. नक्की."

दिवाळी गेली, घोडबंदरचं कुठलंसं प्रोजेक्ट सुरू झालं. ठमीबाईनं त्याच्यासाठी एक तवसं आढ्याला टांगून ठेवलं होतं. वेलीवर जून झालेली ही काकडी टांगून ठेवली की महिनोन् महिने टिकते, पण तिलाही शेवट असतोच. थंडीत सर पाड्यावर गेले तेव्हा ते आतून पाणी झालं होतं. "त्याला सांगा, ठेवलं व्हतं," एवढंच ती म्हणाली. सरांनी ते तवसं मफलरमध्ये गुंडाळलं, डोंगर उतरून घोडबंदरच्या सतराव्या मजल्यावर नेऊन दिलं, आणि आल्या पावली परत आले. पोरगा लाजेनं पुन्हा ग्रुपमध्ये आला नाही. "आपण 'येतो' म्हणतो ती रीत असते," सर मला म्हणाले, "ती 'कवा' विचारते ते खरं असतं. खोटं बोलून भद्र होण्यापेक्षा खरं बोलून अभद्र झालेलं बरं." त्यानंतर आमचा अख्खा कळप पाड्याच्या तोंडाशी उभा राहून 'जातो, जाते' म्हणत खाली उतरू लागला. पाड्यावरच्यांना आम्ही भलतेच अशुभ लोक वाटत असणार.

आणि मग हा नियम सरांनीच मोडला. ठमीबाईचं ऑपरेशन करायचं त्यांच्या फार मनात होतं. कल्याणला डॉक्टर ठरवला होता. ती तयार नव्हती. "माजा मानूस शेरातल्या दवाखान्यात गेला, तो चादरीत आला," म्हणायची. सर दर खेपेला तिच्या ओट्यावर बसून समजूत घालायचे. एका रविवारी ती म्हणाली, "तुमी सोता न्याल तर येन. दुसऱ्या कोनासंगती नाय." सर उठले आणि म्हणाले, "ठमीबाई, येतो."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

"कवा?"

"पुनव झाली की येणाऱ्या रविवारी." दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणारा माणूस, त्यांना हिशेब करावा लागला नाही.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही बाजारात होतो. कोळणीकडे सुकट घेता घेता सर बोलायचे थांबले आणि वाकडे होत खाली बसले. कोळणीनं टोपली लोटून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी रिक्षा आणली. त्यांच्या मुठीत यादी होती, तिच्यात शेवटची ओळ, 'काळा चष्मा – ठमीबाई'. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. रविवारचा सगळा दिवस आम्ही दवाखान्यात होतो. पाड्यावर फोन लागत नाही. कुणीतरी वर जायला हवं, हे मला संध्याकाळी सुचलं, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी एकटी गेले. ठमीबाई आदल्या रविवारी नवं लुगडं नेसून, बोचकं घेऊन दिवसभर वाटेवरच्या दगडावर बसली होती, असं शेजारणीनं सांगितलं. मी तिला सर आजारी असल्याचं सांगितलं, म्हटलं, मी नेते तुम्हाला. ती मान हलवत राहिली. "सर येतो म्हनलेत. येऊ दे त्यांना. डोळं कुटं पळून चाललेत?"

तिला दिसत नाही, पण आवाज ओळखते, एवढ्या आधारावर मी दवाखान्यातून घरी आलेल्या सरांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायला बसले. तीनच शब्द हवे होते: 'ठमीबाई, हिच्याबरोबर जा'. सरांना सगळं कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं, सगळा जोर लावला आणि म्हणाले, "कवा." पुन्हा केलं, पुन्हा "कवा". दुपारभर आम्ही प्रयत्न करत होतो. पाणी हवं असलं तरी कवा, सुनेला हाक मारायची तरी कवा. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एखादाच शब्द उरतो, कुठला ते आपल्या हातात नसतं. शेवटी सरांनी डाव्या हातानं फोन दूर सारला आणि भिंतीकडे बघत रडले. मला त्यांचा राग आला, खरंच आला. आयुष्यभर वर्गात आणि डोंगरात इतकं बोलले, आणि ठेवून काय घेतलं, तर हे.

तरी मी तेच रेकॉर्डिंग घेऊन वर गेले. ठमीबाईनं फोन कानाला धरला.

"सर हायेत," ती म्हणाली. मग पुन्हा ऐकलं. "कवा म्हनतात." ती बोळक्या तोंडानं हसली. "मी इचारायची, आता ते इचारतात. मंग मलाच जाया पायजे. सांग त्यांना, पुनव झाली का ऐतवारी येते. त्यांना भेटते, मंग कापा माजं डोळं."

मी ते सरांना सांगितलं. त्यांच्या सूनबाईंनी कॅलेंडरवर त्या रविवारभोवती गोल केला आणि सर रोज सकाळी त्याच्याकडे बघायचे. पौर्णिमेला चार दिवस असताना ते गेले.

रविवारी मी वर चढले तेव्हा ती दगडावर बसली होती. तेच लुगडं, तेच बोचकं, मांडीवर सरांसाठी तवसं. एकट्याच पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. मी सांगितलं. ती बराच वेळ तवशावरून हात फिरवत होती.

"येते म्हनलं व्हतं मी त्यांना," ती म्हणाली. "खोटी पडले."

ऑपरेशनचं मी पुन्हा पुन्हा विचारलं, विनवण्या केल्या. तिनं बोचकं उचललं आणि भिंत चाचपत घरात नेऊन ठेवलं. ऊन कलायला लागलं तशी मी सरांच्या शिस्तीप्रमाणे म्हटलं, "ठमीबाई, जाते."

"जाते नको म्हनू, बाय. एक गेला तेवढा पुरं."

"येते," मी म्हणाले, आणि तिच्या 'कवा'ची वाट बघत ओट्यापाशी उभी राहिले. तिनं विचारलं नाही.