कुशीतली नळी

गडचिरोली आगारात मी कंडक्टर होतो. उजव्या बरगडीखाली वर्षभर जडपणा होता. पोट साफ होत नसेल म्हणून मी ओवा चघळत राहिलो. शेवटी गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला कळ यायला लागली, तेव्हा दवाखान्यात गेलो. तिथून मला नागपूरला पाठवलं. सोनोग्राफी झाली.

"यकृतात पाण्यानं भरलेली मोठी गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याच्या पोटातल्या जंतामुळे होते."

"कुत्र्याचा जंत माझ्या पोटात?"

"त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात. हाताला, भाजीला लागून तोंडात जातात. गाठ फुटली तर जिवावर बेतेल. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत पोटाला धक्का लागू देऊ नका."

मी रजा टाकून घरी बसलो. शिंक आली तरी दोन्ही हातांनी कूस दाबून धरायचो. गल्लीत पोरं चेंडू खेळायची, म्हणून मी दार लावून घ्यायचो.

"अवो, आंगनात तरी येऊन बसा," बायको म्हणायची.

"कोनी धडकलं तं?"

"मी उभी राह्यते न समोर."

आणि ती खरंच उभी राहायची, हातात सूप घेऊन, तांदूळ पाखडत. तिच्या पाठीआडून दिसेल तेवढाच रस्ता मी पाहायचो.

तारीख आली. नागपूरच्या गाडीवर माझ्याच आगाराचा ड्रायव्हर होता. त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी बैलबंडीसारखी हाकली. मागून लोक ओरडायला लागले, तसा तो म्हणाला, "याच्या पोटात काचेचा घडा हाय. कोनाले घाई असंल त्यानं उतरून पायी चालावं."

ऑपरेशन नीट झालं. गाठीतून द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे निघाले, असं नंतर कळलं. मला वाटलं, सुटलो. पण कुशीतून एक रबरी नळी बाहेर काढून खाली बाटलीला जोडली होती आणि तिच्यातून पिवळं पित्त गळत होतं. ते थांबल्याशिवाय नळी निघणार नव्हती. आठवडे गेले. दोन्ही बाजूंच्या खाटांवरची माणसं बरी होऊन घरी गेली, नवी आली, तीही गेली. डॉक्टर रोज सकाळी आधी बाटलीकडे बघायचे, मग माझ्याकडे.

एका दुपारी मी नळीला हात घातला. बायकोनं मनगट धरलं.

"काऊन असं करून राह्यले?"

"मले नाई होत आता."

"मले तरी कुठी होते?" ती म्हणाली. हात मात्र तिनं सोडला नाही. तोवर ती थकली असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला लाज वाटली.

त्यानंतर बाटली हळूहळू कोरडी पडत गेली. एका सकाळी डॉक्टरांनी टाका कापून नळी ओढून काढली. "परवा घरी जा," म्हणाले. मला खरंच वाटेना. मी भोकावरची पट्टी चाचपत राहिलो. बायको खाटेशेजारी सतरंजीवर आडवी झाली ती जेवणाची वेळ टळली तरी उठली नाही. मी तिला उठवलं नाही.