सासूबाईंचा कप, टोकोनामेच्या चाकावर

सासूबाईंनी चहा सोडला, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली. फेब्रुवारीत त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, चालणं मंदावलं, आणि हे सगळं त्यांनी निमूटपणे सोसलं. बोलणं मात्र शाबूत राहिलं, आणि बोलण्याची धारही. रिहॅबमधून मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीच्या घरी आणताना थेरपिस्टने एक प्लास्टिकचा कप दिला. दोन बाजूंना दोन कान, वर झाकण, झाकणाला चोच. सासूबाईंनी तो डाव्या हाताने फिरवून फिरवून पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

"हे बोंडलं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या लेकीला मी बोंडल्याने दूध पाजलंय. मला नको."

मी दुसरे पर्याय शोधायला घेतले. माझं कामच ते आहे. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता तपासते, आणि घरीही माझ्या याद्या फ्रिजवर लागलेल्या असतात. महिनाभरात आम्ही नऊ भांडी करून पाहिली. आमचे नेहमीचे मग एका हाताला जड. स्टीलची वाटी भाजते. बशी कलंडते. थर्मासचं झाकण निसटतं. दोनदा गाऊनवर चहा सांडला, त्यातला एकदा माझ्या मैत्रिणीसमोर. भरवून घ्यायला त्या तयार नव्हत्या. नवऱ्याने एकदा कप ओठांपर्यंत नेला, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि खिडकीकडे पाहत बसल्या. त्या दिवसापासून चहा बंद. "पुष्कळ प्यायले आयुष्यात," एवढंच म्हणाल्या. चहापाठोपाठ पाणीही कमी झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात पाणी गेलं नाही तर पुन्हा हॉस्पिटल. मग मी दिवसाच्या आठ ग्लासांचा तक्ता केला. त्या पाहायच्या, आणि तीनवर थांबायच्या.

जूनमध्ये मला आठवडाभर जपानला, नागोयाला जावं लागलं. आमच्या एका पुरवठादाराच्या कारखान्याची तपासणी होती. तिथे मीटिंगमध्ये चहा आला तो कान नसलेल्या छोट्या कपांत, आणि माझ्या डोक्यात लगेच त्यातला एक सासूबाईंच्या हातात गेला. निघण्यापूर्वी मी त्यांच्या डाव्या हाताची मापं शिंप्याच्या टेपने घेतलेली होती. अंगठा ते मधलं बोट, पकड किती उघडते, किती मिटते. शुक्रवारी काम संपल्यावर एका मोठ्या दुकानात जाऊन मी चौदा कप मोजले. एकही बसेना. कुठला रुंद, कुठला निसरडा, कुठला इतका पातळ की चहा ओतताच चटका बसेल. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने माझा चेहरा आणि टेप पाहून विचारलं काय शोधताय म्हणून. मी सांगितलं. ती म्हणाली, मग तुम्हीच का नाही करत? विमानतळ ज्या टोकोनामे गावाजवळ आहे, ते कुंभारांचंच गाव. तुमचं विमान उद्या संध्याकाळी ना? सकाळी नऊचा वर्ग मिळतो.

मातीशी माझा संबंध कुंडीपुरताच. पण तयारीशिवाय मी कुठे जात नाही. जेवताना पाच व्हिडिओ पाहिले आणि डायरीत अकरा पायऱ्या लिहिल्या. कुठला हात आत, कुठला बाहेर, कोणत्या बोटाने किती दाब, सगळं. शेजारी कपाचं चित्र काढून मापं घातली. तोंड सात सेंटिमीटर, उंची आठ, बूड बुटकं आणि रुंद, म्हणजे कलंडणार नाही.

टोकोनामेतली ती गल्ली चढाची होती, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती जुन्या मातीच्या पाइपांनी नि बरण्यांनी रचलेल्या. कार्यशाळा म्हणजे एक लांबट खोली. चालवणारी बाई सासूबाईंच्याच वयाची, सत्तरीच्या पुढची, बुटकी, मनगटं जाड. इंग्रजी तिला येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं. आमच्यामध्ये माझा फोन ठेवला होता. ती बोलायची, फोन भाषांतर करायचा, मी बोलायचे, फोन परत तिला सांगायचा.

मी डायरी उघडून चित्र दाखवलं. तिने ते नीट पाहिलं आणि विचारलं, कोणासाठी? मी स्ट्रोकचं सांगितलं, चहाचं सांगितलं, मापं पुढे केली. तिने डायरी हळूच बंद केली. फोनने तिचं वाक्य वाचून दाखवलं:

"माप नको. हात दाखवा."

हात श्रूजबरीत होता. पण तिथे तेव्हा शुक्रवारचे संध्याकाळचे आठ वाजले होते आणि सासूबाई मालिका पाहत असणार हे मला माहीत होतं. मी दुसऱ्या फोनवरून, म्हणजे ऑफिसच्या, व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्याने उचलला आणि विचारलं, विमान कॅन्सल झालं का? मी म्हटलं, नाही, आईंना दे, आणि त्यांना एक रिकामा ग्लास दे.

सासूबाई स्क्रीनमध्ये आल्या, कपाळ आधी, मग बाकीचा चेहरा. "तू ऑफिसच्या कामाला गेली होतीस ना?" त्यांनी विचारलं. "हे काय, गवंडीकाम चाललंय का?"

"आई, ह्या कुंभार आहेत. तुमच्यासाठी कप करायचाय. ग्लास धरून दाखवा."

"ह्यांचे हात बघ," त्या ग्लास धरता धरता म्हणाल्या. "भाकऱ्या थापणारीचे हात आहेत."

कुंभारीण स्क्रीनजवळ वाकून पाहत होती. डावा हात पाहून झाल्यावर तिने माझ्याकडे वळून दुसरा हात मागितला. मी म्हटलं, तो चालत नाही. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आवाज न चढवता. मग नवऱ्याने आईचा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. बोटं आत वळलेली, आकड्यासारखी. आम्ही तो हात मांडीवर शालीखाली ठेवायचो. व्यायामाच्या वेळा सोडल्या, तर त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. सासूबाईसुद्धा. कुंभारीण त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली, की मला अवघडल्यासारखं झालं.

मग तिने शेल्फवरून स्वतःचा एक कप घेतला आणि प्यायची कशी रीत असते ते सासूबाईंना करून दाखवलं. एक हात कपाच्या अंगावर, दुसऱ्याचा तळवा वर करून तळाखाली. कप दोन हातांनी उचलायचा. भाषांतराच्या फोनकडे न वळता ती थेट स्क्रीनशी बोलत होती, जपानीत, आणि सासूबाई मान डोलावत होत्या.

"दोन हातांनी?" सासूबाईंनी मला विचारलं. "सगळेच?"

"सगळेच. पाहुण्यांसमोर तर असंच. एका हाताने उचलला, तर जरा उद्धट दिसतं."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मग त्यांच्यात मी खपून जाईन," म्हणाल्या आणि मालिकेकडे परत गेल्या.

यानंतर कुंभारणीने जे केलं, ते मी आजही ऑफिसात नव्या लोकांना सांगते. तिने बांबूची एक काडी घेतली, सुरीने चिरली, दोन तुकडे केले आणि एक दुसऱ्यात आडवा खोचला. चतुर असतो ना, पंख पसरून तळ्यावर उडणारा, तसा आकार. त्या मापाला तिथे चतुरच म्हणतात. पंखांची लांबी म्हणजे तोंडाची रुंदी, खालचा दांडा म्हणजे आतली खोली. कप चाकावर असतानाच तो वरून आत सोडायचा. भिंतीवर खिळ्यांना असे शेकडो चतुर टांगलेले होते, वाडग्यांचे, ताटल्यांचे, किटल्यांचे. एकावरही आकडा लिहिलेला नव्हता. मी ती भिंत पाहत उभी राहिले. ऑफिसातल्या माझ्या मापांच्या पाच फाइली तिथे हातभर भिंतीत मावल्या असत्या.

पण माझा स्वभाव. मी टेप काढून तिचा चतुर मोजला. पंख आठ सेंटिमीटरचे. मी सात लिहिलं होतं. चूक दाखवल्यावर ती हसली आणि दोन कप माझ्यासमोर ठेवले, एक ओला, एक भाजलेला, दोन्ही एकाच चतुराने केलेले. भाजलेला चांगला बोटभर आखूड होता. माती वाळताना अंग चोरते, आणि भट्टीत आणखी चोरते. प्लास्टिकचे भाग साच्यातून निघाल्यावर किती आक्रसतात, याचे रिपोर्ट तपासण्यासाठी मी सात हजार मैल गेले होते, आणि हेच विसरले होते. माझ्या मापाने गेलो असतो, तर सासूबाईंना भातुकलीतला कप मिळाला असता.

मग चाक. चाकावर मातीचा मोठा गोळा, एका लहान कलिंगडाएवढा. त्याच्या नुसत्या शेंड्यातून एक कप करायचा, दोऱ्याने कापून घ्यायचा, उरलेल्यातून पुढचा. मी डायरी गुडघ्यावर उघडून पहिली पायरी वाचली, पायाने चाक सुरू केलं, आणि गोळा माझ्या अंगावर आल्यासारखा झाला. चाक उलट्या बाजूला फिरत होतं. माझे पाचही व्हिडिओ अमेरिकेतले. तिथे चाक घड्याळाच्या उलट फिरतं, इथे घड्याळाबरोबर. सगळ्या पायऱ्यांतला डावा हात उजवा झाला आणि उजवा डावा. दोन मिनिटं मी मनात उलटसुलट करत बसले, तोवर शेंडा वाकडा होऊन गळून पडला. कुंभारणीने डायरी माझ्या गुडघ्यावरून उचलली, तिच्यावरचा चिखल पुसला आणि माझ्या पर्समध्ये ठेवून दिली.

दुसरा कप मी फार वेळ पातळ करत बसले आणि त्याची भिंत बसली. तिसऱ्यात बोट आरपार गेलं. प्रत्येक वेळी ती दोऱ्याने तो तुकडा सर्रकन कापायची आणि बाजूच्या बादलीत टाकायची. चेहऱ्यावर ना कीव, ना कौतुक. माझ्या मातीला ती हात लावत नव्हती. चौथ्या वेळी तिने एकच केलं. माझी कोपरं धरून माझ्याच मांड्यांवर टेकवली आणि दाबून ठेवली. हात हलायचे थांबले. मातीही थांबली. म्हणजे फिरत होती, पण जागच्या जागी, हाताखाली मोदकाच्या उकडीसारखी मऊ आणि शांत. अंगठा आत गेला, भिंत वर आली, आणि मला कळण्याच्या आत कप उभा होता. तिने चतुर वरून सोडला. पंख दोन्हीकडे काठाला टेकले, दांडा तळाला टेकला. ती पहिल्यांदा "हाय" म्हणाली, म्हणजे हो.

बूड करायचं राहिलं होतं. माती थोडी सुकल्यावर, दोन दिवसांनी, कप उलटा ठेवून कोरतात. तोवर मी मॅसॅच्युसेट्समध्ये असणार. ते मी करीन, असं तिने भाषांतराच्या फोनमधून सांगितलं. मी माझं चित्र पुन्हा दाखवलं, बूड बुटकं, रुंद. तिने मान हलवली. मी पत्ता लिहून दिला आणि विमान गाठलं.

ऑगस्टमध्ये खोकं आलं. कप तांबूस तपकिरी, बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. काठ एका बाजूला किंचित चढलेला, तो माझा. आणि बूड पाहून माझा मूडच गेला. बुटकं नव्हतंच. कपाच्या खाली जवळजवळ दीड इंच उंचीची मान, मधे बारीक, तळाशी पुन्हा पसरलेली. कपाखाली डमरू लावल्यासारखं. मी नवऱ्याला म्हटलं, चित्र दाखवूनही बाईंनी स्वतःचंच केलं. तो म्हणाला, ठेव शोकेसमध्ये, आठवण म्हणून. मी तर ऑफिसातल्यासारखी मालातल्या दोषाची नोंद करायच्या बेतात होते.

सासूबाईंनी कप मागितला. डाव्या हाताने उलटा केला, तळ पाहिला, मान पाहिली. मग शालीखालचा उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर आणला आणि आत वळलेली बोटं त्या बारीक मानेभोवती सरकवली. बोटं तिथे बसली. आवळावी लागली नाहीत. फेब्रुवारीपासून ज्या आकारात ती अडकली होती, त्याच आकाराची ती मान होती.

मी फक्त चांगला हात मोजला होता. आम्ही सगळ्यांनीच तो दुसरा हात वजा केला होता. तिने त्याच्यासाठी जागा कोरली होती, आणि चहा वरच्या भागात राहणार म्हणून ती जागा भाजणारही नव्हती.

मी चहा केला, आलं घालून, आणि कप बोटभर रिकामा ठेवून भरला. सासूबाईंनी डावा हात अंगावर, उजवा मानेला, असा तो उचलला. अर्ध्यात जरा थरथरला. मी हात पुढे केला, त्यांनी नुसत्या डोळ्यांनी नको म्हटलं. पहिला घोट गेला, मग दुसरा. एक थेंब हनुवटीवर आला, तो त्यांनी तसाच राहू दिला. नवरा दारात गाडीची किल्ली हातात धरून उभा होता आणि कुठे निघाला होता ते विसरला होता. कप संपायला दहा-बारा मिनिटं लागली.

कप खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"अजून अर्धा कर," म्हणाल्या. "आणि असं समोर बसून बघत राहू नकोस. चहा पितेय मी, नाटक नाही करत."